यादीत नसलेलं काम

माझे सासरे मानसिंगमामा फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि त्यांनी उंब्रजला हायवेकडेला 'सुभेदार वॉशिंग सेंटर' काढलं. गेल्या महिन्यात त्यांनी भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर ड्युट्या लिहिल्या. फवारा नवनाथकडे, फेस अस्लमकडे, आतला व्हॅक्यूम माझ्याकडे. काम झालं की खूण करायची. दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही.

गाड्या खरंच झटपट निघू लागल्या.

परवा विट्याचा एकजण गाडी धुवायला आला, सोबत म्हातारी आई. ती उन्हात बाकावर बसून राहिली. पूर्वी जो जवळ असेल तो आल्यागेल्याला तांब्याभर पाणी द्यायचा. बोर्डावर ते नव्हतं, म्हणून कुणी हललं नाही. मीही नाही.

शेवटी म्हातारीच म्हणाली, "आवं सुभेदार, गाडीला एवढं पानी, आन् मानसाला घोटभर न्हाई व्हय?"

मामांनी मार्कर उचलला. 'पाणी देणे' लिहिलं आणि नाव कुणाचं घालावं म्हणून माझ्याकडे बघितलं.

माझं डोकंच फिरलं. "मामा, आता हेबी लिवून द्यायचं?"

त्यांनी ती ओळ तळहातानं पुसली. स्वतः तांब्या भरून आणला आणि म्हातारीचं पाणी पिऊन होईपर्यंत तिच्यापुढे सावधानमध्ये उभे राहिले.