धुक्याचं पान

कागदाची होडी. कागदाचा कोट, बटणांसकट. फोटो धुण्याच्या रसायनाचा आंबट वास, मेलेल्या माणसाच्या शर्टातून अजून न गेलेला. छापखान्यात थांबून राहिलेलं यंत्र. जिवंत माणसाचा फोटो कधी जाळायचा नसतो.

रुओशी दोन्ही हातांनी राख उपसत होती.

"काडीने तरी उकर," सासूबाई म्हणाल्या. "बोटं भाजतील."

"आई, पाकिटात निगेटिव्हसुद्धा होती. तीही टाकलीत?"

"आख्खं पाकीट टाकलं. त्याचं होतं, त्याच्याकडे पाठवलं."

चिंगमिंगचा, पितरांचा दिवस, सगळी टेकडी धुराने भरली होती. थडग्याथडग्यापाशी लोक आपापल्या माणसाला कागदी कपडे, कागदी नोटा जाळून पाठवत होते. तिच्या नवऱ्याच्या, बोयुआनच्या थडग्यावर अजून गवतही धड धरलं नव्हतं. हिवाळाभर खोकत त्याने ते पुस्तक रचलं होतं. डाव्या पानावर जुनी कविता, उजव्या पानावर च्यालिंग नदीकाठचा काळापांढरा फोटो. बाकी फोटो छापखान्यात पोचले होते. शेवटच्या कवितेत दूर गेलेला माणूस घर आठवतो. त्या कवितेचा, पाकिटातला फोटो त्याने बायकोलाही दाखवला नव्हता. छापून आल्यावर बघ, म्हणाला होता.

फोन वाजला. छापखान्याचे क्वांग मास्तर.

"वहिनी, उद्या सकाळी यंत्र सुरू करतोय. शेवटचा फोटो पाठवताय, की बोयुआनलाच वरून पाठवायला सांगू?" आणि लगेच, "चुकलो वहिनी. जीभच मेली अशी."

रुओशीने फोन बंद केला. त्याचं पुरं करता येईल असं तिच्याकडे हे पुस्तकच उरलं होतं.

आज सकाळी तिने आपला लग्नातला फोटो विस्तवावर धरला होता. सासूबाईंनी तिच्या हातावर चापट मारून तो ओढून घेतला. "वेड लागलंय? फोटो गेला की माणूसही मागोमाग जातं. तुला अजून जगायचंय, पोरी." मग फोटो तिच्या पिशवीत कोंबून त्या पुन्हा विस्तवाकडे वळल्या होत्या.

"आई, काय होतं त्या पाकिटातल्या फोटोत? सांगा. तसाच पुन्हा काढीन."

सासूबाईंनी बाहीने डोळे पुसले. धूर होताच.

"धुकं."

"आणि?"

"आणि काय? नुसतं धुकं. घाटसुद्धा दिसत नव्हता. मी त्याला म्हटलंही, रीळ फुकट घालवलंस."

रुओशी रडता रडता हसली. हे त्यालाच शोभणारं होतं. जुने चित्रकार धुकं रंगवत नसत, तेवढा कागद कोरा सोडत. हे त्याने तिला जेवताना, भांडताना, तापात, सतत ऐकवलं होतं. राखेच्या हातांनीच तिने फोन लावला.

"मास्तर, शेवटचं पान कोरं सोडा."

"कोरं? लोक म्हणतील, क्वांगची शाई संपली."

"म्हणू देत."

पुस्तक आलं तोवर सासूबाईंनी अंथरूण धरलं होतं. रुओशीने शेवटचं पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी त्यावरून सावकाश तळवा फिरवला.

"हेच," त्या म्हणाल्या. "अगदी असंच."

बोयुआनने तो फोटो काढला त्या सकाळी लख्ख ऊन होतं, आणि घाटाच्या शेवटच्या पायरीवर त्याची आई बसली होती.