छताची दुसरी बाजू

एबेन प्यूला या सौद्यातून काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकलेलं बरं. पैसा नाही. मिळणार होती चॅपेलमधली एक जागा: उपदेशकाच्या व्यासपीठाखाली, कठड्याआडच्या मोठ्या बाकावर, जिथे फक्त चॅपेलचा कारभार बघणारे पंच बसतात. तीस वर्षं तो शेवटच्या ओळीत, नेमका गळक्या जागेखाली बसत आला होता. धंदा छपरं दुरुस्त करायचा, गावाने नावच 'एबेन छप्पर' ठेवलेलं, आणि ऐन प्रार्थनेत टकलावर टपटप! लोकांना हसायला तेवढं पुरे होतं.

प्लास केलिन ही जुनी हवेली एका ठेकेदाराने पाडायला घेतली आणि कौलं उतरवायचं काम एबेनकडे आलं. त्याने मजुरी मागितली नाही. चॅपेलच्या छपरासाठी स्लेटची कौलंच मागून घेतली.

"म्हणजे फुकट राबणार," त्याची बायको साली म्हणाली.

"मोठ्या बाकावर बसवतील."

"उमरावांच्या बायका रोज पायाखाली तुडवतोस, तरी तुझी हौस फिटेना होय रे?" मोठ्या कौलाला डचेस म्हणतात, मधल्याला काउंटेस, धाकट्याला लेडी; सालीचा हा टोमणा लग्नाइतकाच जुना होता.

शिडी लावली त्या सकाळीच मिस व्हॉन आली. हवेलीच्या मालक घराण्यातली ती शेवटची. आता फाटकाजवळच्या पहारेकऱ्याच्या दोन खोल्यांत राहत होती.

"एबेन, बूट पूस आणि आत ये."

"आत? माझं काम वर असतं, बाईसाहेब."

"जन्मभर वरच आहेस. ये."

दर्शनी भाग तिच्या आजोबाने इंग्रजी थाटात बांधलेला: गुळगुळीत दगड, उंच खिडक्या, खांब. त्या मुखवट्यामागे मूळचं ओकचं घर तसंच दडलेलं होतं. नावेच्या बरगड्यांसारख्या वाकड्या तुळया ओलांडून ती त्याला लांब दालनात घेऊन गेली.

"वर बघ."

छतभर चुन्यात घडवलेली घुबडं, केस विंचरणाऱ्या मत्स्यकन्या, वेली. एबेनला हे छत पाठ होतं, पण माळ्यावरून. लाकडी पट्ट्यांच्या फटींतून वर आलेले चुन्याचे गोळे, धूळ, उंदरांच्या लेंड्या. हे गोळेच छताला धरून ठेवतात हे त्याला ठाऊक होतं. त्यांनी काय धरून ठेवलंय ते तो आज पाहत होता.

"कोपऱ्यातल्या त्या घुबडाला डोळे नाहीत," तो म्हणाला.

"कारागीर जेवायला गेला तो परत आलाच नाही, असं आई सांगायची. लहानपणी मी त्याची वाट बघत बसायची." मग ती कामाचं बोलली. "ईस्टरला म्युझियमवाले हे छत कापून नेणार आहेत. ठेकेदार तोवर थांबतो म्हणालाय. एवढ्या दालनावरची कौलं तेवढी राहू दे. या घरातलं दुसरं काही मला नको."

"राहतील, बाईसाहेब."

"शब्द?"

"शब्द."

देताना शब्द खरा होता. चुकला तो कौलांचा अंदाज. ओकच्या खुंट्यांवर इतकी वर्षं लटकून कौलांची भोकं खिळखिळी झाली होती. हात लावला की ढलपेच निघायचे. फेब्रुवारी आला तरी चॅपेलची एक बाजू अर्धी उघडी, आणि रविवारी पंचांची निवड. हॉवेल दुकानवाला, सगळ्यात जुना पंच, खालूनच ओरडला, "एबेन, आतून आभाळ दिसतंय रे!"

"कौलं संपली, हॉवेल."

"मग प्लासवर ठेवलीस ती काय कावळ्यांना?"

"बाईसाहेबांना शब्द दिलाय."

"हिच्याच आज्याने तुझ्या आज्याला शेतावरून हाकललं ना? निवडणुकीत मालकाच्या मनासारखं मत दिलं नाही म्हणून. भर थंडीत, पाळण्यासकट! तेव्हा कोण आलं होतं शब्द द्यायला?" हॉवेलने टोपी नीट केली. "बरं बाबा, तुझी मर्जी. रविवारी हात वर करताना लोकही आपापली मर्जी बघतील."

शनिवारपर्यंत चॅपेल पुरं झाकलं गेलं. लांब दालनावर एबेनने ताडपत्री टाकली, दोरांना दगड बांधले. अशी ताडपत्री ईस्टरपर्यंत सहज टिकते, असं त्याने सालीला सांगितलं. सालीने विचारलं नव्हतं.

रविवारी सगळे हात वर झाले. बुधवारी वादळ आलं.

एबेन बूट न पुसताच लांब दालनात धावला. छत जमिनीवर पडलं होतं, भिजल्या पिठासारखं. वर नुसत्या पट्ट्या आणि त्यांच्यामधून आभाळ. कुठल्या घुबडाला डोळे होते नि कुठल्याला नव्हते, हे कळायला मार्ग नव्हता. मिस व्हॉन झाडू घेऊन उभी होती, झाडत नव्हती.

"वारा फार होता, बाईसाहेब."

"हो," ती म्हणाली. "वारा होता."

पुढच्या रविवारी एबेन मोठ्या बाकावर बसला. बाकाचा रिवाज असा, की भजन सुरू झालं की पंचांनी उठून लोकांकडे तोंड करायचं. तीस वर्षं त्याने माना पाहिल्या होत्या. आता एकदम सगळे चेहरे. आणि शेवटच्या ओळीत, त्याच्या जुन्या जागेवर, मिस व्हॉन. व्हॉन मंडळी जमीनदारांच्या, इंग्रजी वळणाच्या चर्चमधली; चॅपेल गावकऱ्यांचं. चॅपेलचा उंबरा त्यांच्यापैकी कुणी कधी ओलांडला नव्हता.

ती त्याच्याकडे बघतच नव्हती. मान वर करून छताकडे बघत होती.

बाहेर पाऊस लागला होता. कौलांवर त्याचा आवाज भजनाच्याही वर ऐकू येत होता. छप्पर चॅपेलला मिळालं, बाक एबेनला. मोल दिलं ते मागच्या ओळीतल्या बाईने, आणि ती त्या गळक्या जागेखाली अगदी कोरडी बसली होती.