चौकशीच्या खिडकीवर बाबा

वृद्धाश्रमाच्या ऑफिसातली चौकशीची खिडकी उघडण्याआधीच तिच्यापुढे रांग लागायची. कोणाचा चष्मा हरवलेला, कोणाला मुलाला फोन लावून हवा असायचा. ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेल्या आजोबांची तक्रार मात्र रोज नवी. आज शेजारणीचा रेडिओ.

"बोलते मी त्यांच्याशी," खिडकीमागची कारकून म्हणाली. तिला इथे सगळे ताईच म्हणत.

"कालही हेच म्हणालीस, ताई."

"काल पंख्याचं होतं, आजोबा."

बरंच डोकं खाऊन आजोबा बाजूला झाले, तर त्यांच्या मागे तिचे वडील उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची पिशवी.

"बाबा? बरं वाटत नाहीये का?"

"खोली हवी आहे. एकट्यासाठी."

तिला आधी थट्टाच वाटली. मग तिनं आवाज खाली आणला. "घरी काय कमी आहे तुम्हाला?"

"काही नाही. जेवण झाकलेलं असतं, गोळ्या काढून ठेवलेल्या असतात. बोलायला माणूस नसतं, एवढंच."

"संध्याकाळी येते की मी."

"येतेस. 'जेवलात का' विचारतेस आणि मी उत्तर देईपर्यंत तुझा डोळा लागलेला असतो. त्या म्हाताऱ्याचं रेडिओपुराण किती निवांत ऐकलंस! हेवा वाटला मला."

"ते माझं काम आहे, बाबा. इथे आलात तर तुम्हीही कामच व्हाल."

"चालेल. कामाला तू दांडी मारत नाहीस."

मागून कोणीतरी खाकरलं. "आटपा की! आम्हीही उभे आहोत."

'जागा नाही' हे दोन शब्द तिच्या तोंडात बसलेले होते. ते म्हटले असते तर बाबा मुकाट्यानं घरी गेले असते. बागेकडची खोली सोमवारी रिकामी झाली होती, हे त्यांना कुठून कळणार? पण रात्री घरी जाऊन त्यांच्याशी याच विषयावर बोलावं लागलं असतं, आणि तेवढं त्राण तिच्यात उरणार नव्हतं.

"आहे एक," ती म्हणाली. "तळमजल्यावर. पायऱ्या नाहीत." मग सवयीनं पुढचा प्रश्न विचारून गेली, "काही झालं तर कोणाला कळवायचं?"

"मुलीला. पण दिवसा नको, ती कामात असते."

तिनं स्वतःचा नंबर लिहिला. "जेवणाच्या सुट्टीत खोली दाखवते. तोवर बसा."

बाबा समोरच्या बाकावर, ती दिसेल असे बसले. रांग एका माणसानं पुढे सरकली.

"बोला," ती म्हणाली.