वाकुल्या

काचवाला हाताचा हलका आणि डोक्याचा गरम. दुकानात अख्खी काच एका रेघेत कापायचा. घरी मात्र राग नाकावर. त्यात पंधरा दिवस झाले, दहा वर्षांच्या लेकीच्या हातात काही टिकेना. आधी पेला फुटला, मग दोन बश्या. वर बापाकडे बघून तोंड वेडंवाकडं करायची.

त्या दुपारी जेवताना तिचा हात उसळला आणि कढत ताट त्याच्या मांडीवर उपडं झालं. तिची जीभ बाहेर आली.

“मला वाकुल्या दाखवतेस?” त्याने कमरेचा पट्टा काढला. बायको मध्ये पडली, तिला भिंतीवर ढकललं. दोन फटके लेकीच्या पाठीवर, तिसरा तोंडावर.

“बाबा, मी नाही करत! आपोआप होतंय!”

“थांब, आपोआप थांबवतो.” त्याने तो उसळणारा हात धरून पिरगाळला. कट्‌कन आवाज झाला.

पोरीला इस्पितळात नेलं. त्याची धाकटी बहीण तिथेच रक्त तपासायची. तिने भाचीला पाहिलं. मोडका हात फळीला बांधलेला, तरी बोटं नाचत होती.

“वहिनी, हिचा घसा कधी दुखला होता?”

“दोन महिने झाले. हे म्हणाले, औषध कशाला, गुळण्या कर.”

संध्याकाळी रिपोर्ट हातात घेऊन ती बाहेर आली आणि सगळ्यांदेखत भावाच्या थोबाडीत मारली.

“दादा, घशातल्या त्या जंतूच्या भिंतीत एक साखर असते. तिला ओळखून शरीराने प्रतिपिंडं बनवली, जंतूला मारायला. पोरीच्या मेंदूत तसंच दिसणारं काहीतरी आहे. ती प्रतिपिंडं आता त्यालाच चिकटलीत, म्हणून हात उसळतो, जीभ बाहेर येते. तिचं रक्त त्यांनीच भरलेलं आहे. तिच्या हातात काहीच नव्हतं रे! आणि तू...”

“बरी होईल?”

“होईल. महिने लागतील. घशात तो जंतू परत येऊ नये म्हणून इंजेक्शनं मात्र कित्येक वर्षं.”

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. “हात कसा मोडला?”

“जिन्यावरून पडली,” बायको चटकन म्हणाली. तिच्याच कपाळावर टेंगूळ होतं.

“नाही,” तो म्हणाला. “मी मोडला. पट्ट्यानेही मारलं.”

बायकोने त्याची बाही ओढली. डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला. पोलीस येईपर्यंत तो बाकावर खाली मान घालून बसला होता, आणि बहीण त्याच्या व लेकीच्या खोलीच्या मध्ये, दार अडवून उभी होती.