ठिपक्यांची अक्षरं

बाबा गेले आणि त्यांच्या मागोमाग त्यांचा कॉम्प्युटरही गेला. म्हणजे दादाने तो दुरुस्तीला दिला आणि तो भलताच होऊन परत आला. दुरुस्तीवाल्याला आमच्या घरात सगळे डॉक्टर म्हणतात. पेशंट दगावला तरी हा चहा पिऊनच जातो, असं बाबा त्याच्या तोंडावर म्हणायचे.

"काकांच्या त्या युनिक्स सिस्टिमचीच नवी आवृत्ती टाकलीय, काकू," डॉक्टर म्हणाला. "जुन्या ब्राउझरमध्ये एकही साइट उघडत नव्हती."

आईने खुर्ची ओढली. मैत्रिणीचं पान उघडलं, तर ओळीच्या ओळी रिकाम्या चौकोनांच्या.

"ही बया शब्दकोडी कधीपासून घालायला लागली?"

आईने जन्मभर रशियन शिकवलं. ती भाषा शिकताना खोलीत सोबत राहिलेली तिची मैत्रीण दूर देशी एकटी राहते आणि आपल्या बागेबद्दल रोज चार ओळी इंटरनेटवर लिहिते. बाबा गेल्यानंतर आईने फक्त एकच गोष्ट मागितली होती: त्या चार ओळी.

डॉक्टरने रशियन फॉन्ट टाकला. चौकोनांची अक्षरं झाली. आई डोळे बारीक करून बघत राहिली.

"धुकं आहे नुसतं."

त्याने अक्षरं मोठी केली.

"धुकं मोठं झालं."

आईच्या डोळ्यांचे पडदे झिजत चाललेत. हल्लीच्या गुळगुळीत अक्षरांच्या कडांना करडी छटा असते, तिला नेमकी तीच दिसते. बाबा पाणीपुरवठा खात्यात आराखडे काढायचे. त्यांना रशियनचा गंध नव्हता. पण आईची कुठली अक्षरं एकमेकांत मिसळतात हे तिला विचारून विचारून त्यांनी चौकटीच्या जाळीवर ठिपका ठिपका भरत तिच्यासाठी फॉन्ट काढला होता. काळं किंवा पांढरं, मधलं काही नाही. दोन उभ्या काठ्यांत आडवी दांडी आणि दोन उभ्या काठ्यांत तिरकी दांडी, ही दोन अक्षरं तिला एकच दिसायची. बाबांनी आडवी जाड केली आणि तिरकी पार टोकापर्यंत ताणली.

"वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असतो, तो टाकू का?" डॉक्टरने विचारलं.

"तिची बाग मला तिऱ्हाइताच्या तोंडून नको. अजून मी आहे."

"काकांचे फॉन्ट मी जपून ठेवलेत हो. पण नवा ब्राउझर ठिपक्यांचे फॉन्ट घेतच नाही. जुन्यात अक्षरं आहेत तर साइट नाही, नव्यात साइट आहे तर अक्षरं नाहीत. आई जेवू घालीना, बाप भीक..." आणि तो थांबला. त्या दिवशी तो चहा न घेता गेला.

मी रजा वाढवली आणि बाबांच्या टेबलाशी बसले. त्यांच्या फोल्डरमध्ये एकच फॉन्ट निरनिराळ्या आकारांत होता. आधीचे आकार एकमेकांपासून वर्षावर्षाच्या अंतराने काढलेले. मग महिन्यांच्या. प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. सगळ्यात शेवटच्यात सुरुवातीची मोजकीच अक्षरं होती, पुढे रिकामी जाळी. त्या फाइलवरची तारीख ते दवाखान्यात दाखल झाले त्याच्या आदल्या दिवशीची होती.

त्याच्या आधीचा, पुरा झालेला आकार मी निवडला. ठिपक्यांच्या फॉन्टवरून नव्या तऱ्हेचा फॉन्ट करून देणारा प्रोग्रॅम मिळाला; प्रत्येक ठिपक्याचा त्याने एक बारीक काळा चौरस केला. अक्षरं उमटली, पण भलत्याच्या जागी भलतं. बाबांनी ती जुन्या क्रमाने बसवली होती आणि आजची पानं वेगळ्या क्रमांकांनी अक्षरं मागतात. मी एकेक अक्षर उचलून नव्या क्रमांकावर नेऊन ठेवलं. मग फॉन्टची यादी ताजी केली, आणि पानांनी आपापले फॉन्ट लादू नयेत अशी ब्राउझरला ताकीद दिली. क्रम तपासायला एक चाचणीचं पान केलं: नुसती वर्णमाला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. छापील तक्त्याशी ताडून पाहिली. एकही अक्षर चुकलं नव्हतं. बाबांची जाड दांडी जिथल्या तिथे होती.

"आई, ये गं! जमलं!"

ती भिंतीला हात लावत आली. मैत्रिणीचं पान उघडायला मी माउसकडे हात नेला, तेवढ्यात ती खुर्चीत टेकून स्क्रीनवर वाकलीसुद्धा.

"अगंबाई," ती म्हणाली. "हीच. यांचीच अक्षरं."

"दिसतंय?"

"न दिसायला काय झालं? लख्ख." तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते हळूहळू सरकवायला लागली. "म्हणतेय, कुंपणाजवळचं सफरचंदाचं झाड यंदा वाळलं असं वाटलं होतं. शेजारी म्हणाला, तोडून टाक. हिने नाही तोडलं. हट्टी आहे मेली, पहिल्यापासून." बोट खालच्या ओळीवर आलं. "आता बुंध्यापाशी एक कोवळा फुटवा आलाय."

स्क्रीनवर वर्णमाला होती. तिच्या बोटाखाली तेच अक्षर होतं, तिरक्या दांडीचं.

माझा हात माउसवरच राहिला. बाबांनाही ती अशीच वाचून दाखवत असेल का? आणि ते ऐकता ऐकता पुढचा आकार काढायला घेत असतील का?

"बाबांना सांगायला हवं होतं," आई म्हणाली. "पोरीने जमवलं म्हणून."

तिचं बोट ओळीच्या टोकाला जाऊन थांबलं होतं. ती वाट पाहत होती.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे काय," आई म्हणाली आणि बोट पुन्हा डावीकडे आणलं. "थंडी पडलीय म्हणते. टिकेल की नाही सांगता येत नाही."