पी तुझी कॉफी

कप भिंतीवर फुटला तेव्हा खोलीतल्या बायकांपैकी एकही किंचाळली नाही. आवाजाला दचकण्याची निर्वासितांच्या या छावणीची सवय केव्हाच मोडली होती. भिंतीवर पोरांनी रंगवलेलं संत्र्याचं झाड होतं. त्याच्या बुंध्यावरून काळी कॉफी ओघळत खाली आली आणि उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई, त्या ओघळाकडे बोट करून उभी राहिली.

"मयताची कॉफी! मला! माझ्या पोराला अजून मूठभर माती मिळाली नाही, आणि तू मला मयताची कॉफी पाजतेस?"

समोर रूला उभी होती. नाब्लुसची, शिकलेली, छावणीतल्या या केंद्रात बायकांशी बोलायला म्हणून नुकतीच नेमलेली. हातातली किटली तशीच तिरकी राहिली होती तिच्या. थोरल्या बायकांना ती खाला, म्हणजे मावशी, म्हणायची.

"खाला, खालच्या दवाखान्यात कळलं, तुमची साखर फार वाढलीय. म्हणून फक्त तुमच्यापुरती बिनसाखरेची..."

"माझ्यापुरती! ऐकलंत गं? सगळ्यांना लग्नाची, आणि माझ्यापुरती मयताची!"

"अगं, पोर नवी आहे," शेजारची उम्म आतेफ तिला खाली ओढत म्हणाली. "आणि या भिंतीनं तुझं काय घोडं मारलंय? मारायचाच होता कप, तर बाहेर लष्करानं बांधलेल्या त्या मोठ्या भिंतीवर मारायचास. निदान पुण्य तरी लागलं असतं."

दोघीतिघी फिसकन हसल्या. उम्म सालेम हसली नाही. तिनं चप्पल पायात सरकवली, उजव्या अंगठ्याला धक्का लागला तशी दातओठ खाल्ले, आणि कठड्याला धरत जिना उतरून गेली.

रूलाचं तसं चुकलं काहीच नव्हतं. शहरात आता डॉक्टरच्या धाकानं कितीतरी जण साखर सोडतात. पण छावणीतल्या जुन्या बायकांच्या लेखी कडू कॉफीची जागा एकच. घरात माणूस गेलं, त्याला धुतलं, नमाज पढून मातीत ठेवलं, की दारात खुर्च्या मांडायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बिनकानाच्या कपातली कडू कॉफी द्यायची. आनंदाची कॉफी संपली की पाहुणा 'दायमे' म्हणतो, म्हणजे ती अशीच सदा मिळत राहो. कडू कॉफीला 'दायमे' म्हणत नाहीत. गेलेल्याला दुवा देऊन कप खाली ठेवतात आणि उठतात. तो घोट घशाखाली गेला, म्हणजे माणूस गेला हे तुम्ही मान्य केलं.

आणि उम्म सालेमनं तो घोट घेतला नव्हता.

सालेम दगडाच्या कारखान्यात करवतीवर होता. सगळं बेथलेहेम ज्या पांढऱ्या दगडानं बांधलंय, त्याची पूड त्याच्या भुवयांत कायमची बसलेली. लष्कर छावणीत शिरलं त्या पहाटे तो पाण्याच्या टाकीची गळती बघायला गच्चीवर चढला होता. गोळी लागून खाली आला तो सैनिकांच्या झोळीतून. आईनं जिन्यात त्याचा हात धरला, तो गरम होता. तो हात त्यांनी तिच्या मुठीतून सोडवून घेतला, आणि जीप गेली ती गेलीच. त्यानंतर वकिलाकडून कळलं ते एवढंच: मुलगा वारला आहे. फ्रीजरमध्ये ठेवला आहे. देण्याचा हुकूम नाही.

दोन हिवाळे झाले, हुकूम नाही.

पहिल्या दिवशी भाऊबंद खुर्च्या आणि कॉफीची मोठी पितळी किटली घेऊन आले होते. तिनं ती किटली त्यांच्या हातातून घेतली आणि उंबऱ्यावर उपडी केली. "मयत दाखवा. मग पाजा." मशिदीचे शेख आले. त्यांचा गळा मोठा गोड. त्यांनी याकूब नबींची कथा गायला घेतली: लाडका युसुफ हरवला, तरी बापानं कसा सुंदर सबर केला, धीर धरला. उम्म सालेमनं शेवटपर्यंत ऐकलं. त्या कथेवर तिचं लहानपणापासून प्रेम. गाणं थांबल्यावर म्हणाली, "शेखसाहेब, याकूबनं सबर केला, आणि रडून रडून डोळेही घालवले. अल्लाहनं दोन्ही लिहून ठेवलंय. तुम्ही लोक आम्हाला अर्धंच का गाऊन दाखवता?"

जाताना शेख तिच्या दारापाशी थांबून म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी पुरं गाईन."

तेव्हापासून ती कॉफीत तीन चमचे साखर घालायची. आयुष्यभर एक घालणारी बाई. कुणाच्याही घरी गेली की आधी विचारायची, "गोड आहे ना?" दातांतून साखर करकरली की तिला बरं वाटायचं. जणू जीपच्या मागे उभी राहून ती अजून ओरडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगठ्याचं बँडेज बदलायला दवाखान्यात आली. केंद्र म्हणजे अरुंद तीनमजली घर: खाली दवाखाना, मध्ये पोरांच्या व्यायामाची आणि रूलाची खोली, वर गच्चीवर नाच आणि गाणी. परिचारिका समाह छावणीतलीच, तिची जीभ तिच्या सुईपेक्षा तिखट.

"खाला, हा अंगठा बघा. वांगं झालंय त्याचं. भरून भाजायला घेऊ का?"

"तुझ्या सासूला वाढ."

"थट्टा नाही. डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळात जायला सांगितलंय ना? अंगठा काढून टाकला, साखर सोडली, तर पाय वाचेल. नाहीतर साखर तुम्हाला गुडघ्यापर्यंत खाईल."

"खाऊ दे! त्यांनी अख्खा पोरगा घेतला, तेव्हा एकानं म्हटलं नाही की फार खाताय. माझ्या तीन चमच्यांवर मात्र सगळ्या दुनियेचा डोळा."

"मग कॉफीच सोडा की."

"आणि दारात आलेल्या बाईला काय देऊ? पाणी? मी काय सरकारी कचेरी आहे?"

समाहनं मान खाली घालून पट्टी गुंडाळली. बोटं अलगद चालत होती. शेवटी म्हणाली, "सालेम माझ्या वर्गात होता, खाला. तो आला तर त्याला खांदा द्यायला चार माणसं आहेत. पण कबरीपर्यंत तुम्ही कशावर चालत जाणार?"

घरी जाऊन उम्म सालेमनं कॉफी केली, तीन चमचे घातले, आणि न पिता मोरीत ओतली. मग त्याच रागात दुसरी केली आणि प्यायली.

संध्याकाळच्या नमाजेनंतर दार वाजलं. उम्म आतेफ, आणि तिच्या मागे रूला.

"आत या," उम्म सालेम तुटकपणे म्हणाली. दारात आलेल्याला परत पाठवावं, इतका राग अजून कुणी जन्माला घातलेला नाही. "माफी मागायला आलीस का? केली माफ. कपाचे पैसे मी देईन."

"माफी मागायला नाही आले," रूला म्हणाली.

"मग राग कागदावर काढायला? मागच्या खेपेला सांगत होतीस, राग रंगात काढा. तुझ्या डबीतला लाल संपेल, बाई."

तिनं कॉफी केली. गोड. दोघींपुढे कप ठेवले. उम्म आतेफनं सवयीनं हात पुढे केला, तशी रूलानं तिच्या मनगटावर हात ठेवला. आणि आपला कप बोटभर पुढे सरकवून, न उचलता, ताठ बसली.

उम्म सालेमच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. मग तिच्या भुवया वर चढल्या.

मागणी घेऊन दुसऱ्याच्या घरी जाणाऱ्या मंडळींना तिथे जाहा म्हणतात. एरवी ते पुरुषांचं, पांढऱ्या दाढ्यांचं काम. यजमान कॉफी पुढे ठेवतो आणि जाहाचा म्होरक्या कपाला हात लावत नाही. आधी मागणी सांगतो. यजमानानं 'पी तुझी कॉफी' म्हटलं, की मुलगी दिली, भांडण मिटलं, खूनसुद्धा माफ झाला. म्हटलं नाही, तर कॉफी तशीच निवते. आणि पाहुण्यापुढे ज्याची कॉफी निवली, त्या घराची अब्रू तिच्याबरोबर निवली.

"जाहा?" उम्म सालेम ओरडली. "तू? शेंबडी पोर? आणि ही म्हातारी तुझी पंच?"

"म्हातारी कुणाला म्हणतेस? तुझ्याहून सहा महिन्यांनी लहान आहे मी," उम्म आतेफ म्हणाली. "आणि मला हिनं काही सांगितलेलं नाही. फुकटची कॉफी मिळेल म्हणून आले, तर तीही रोखली."

"मागणी एकच आहे, खाला," रूला म्हणाली. तिची नजर हलली नाही. "उद्या इस्पितळात चला. आणि साखर सोडा."

"म्हणजे कडू पी! म्हणजे मान्य कर, बस झालं, गेला तो! तुझ्या केंद्रानं याच कामाचा पगार ठेवलाय ना तुला? आमचा राग उतरवून द्यायचा?"

"केंद्रानं काय ठेवलंय ते केंद्राला विचारा!" आता रूलाचाही तोल गेला. "तुमचा राग उतरवून मी ठेवू कुठे? माझ्याकडे जागा आहे? माझा स्वतःचा ठेवायला नाही! मला तुमचा राग नको, मला तुमचा पाय हवाय. रागाला उभं राहायला पाय लागतात."

बाहेर गल्लीत कुणाच्या तरी पोरानं फुटबॉल दारावर मारला. कपांवरची वाफ विरळ होत गेली. उम्म आतेफ एकदा कपाकडे, एकदा मैत्रिणीकडे बघत होती. उम्म सालेमचं तोंड रागानं लाल झालेलं, हात मांडीवर. तिच्या घरात आजवर कुणाची कॉफी निवली नव्हती. सासऱ्याच्या वेळी नाही, नवऱ्याच्या वेळी नाही.

ती त्या कपाकडे बघत राहिली. बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी बदललं. राग गेला नाही. रागाला बसायला जागा सापडली.

"पी," ती म्हणाली. मग घसा खाकरून, पुरुषासारख्या आवाजात, रीतीप्रमाणे पुरं म्हणाली, "पी तुझी कॉफी, पोरी. दिलं. अंगठाही दिला, साखरही दिली."

उम्म आतेफनं असा श्वास सोडला की डोक्यावरचा रुमाल हलला.

"पण माझंही ऐक," उम्म सालेमनं बोट उगारलं. "मी कडू पिणार नाही. मरेपर्यंत नाही. आता गोडही नाही. केंद्रात येईन तेव्हा माझा कप भरून माझ्यापुढे ठेवायचा. मी हात लावणार नाही. आजपासून मी जाहा आहे. एकटी. माझा मुलगा ज्याच्या फ्रीजरात आहे, त्यानं तो दारात आणून द्यायचा आणि म्हणायचं, पी तुझी कॉफी. त्या दिवशी कडू पिईन, आणि अख्ख्या छावणीला पाजीन. तोवर निवू दे. त्याची अब्रू निवतेय, माझी नाही."

रूलानं कप उचलला आणि थंडगार झालेली कॉफी एका घोटात प्यायली. "दायमे" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. दायमे की दुवा, कोणतं म्हणावं, ते तिला सुचेना.

"म्हण," उम्म सालेम म्हणाली. "तू गोड प्यायलीस. म्हण."

"दायमे, खाला."

अंगठा गेला. उम्म सालेम काठी टेकत, समाहला वाटेल ते बोलत, पुन्हा केंद्राचे जिने चढू लागली. दर गुरुवारी दुपारी गच्चीवर बायकांचं गाणं असतं. पोरी डफ घेऊन बसतात, थोरल्या भोवती. समोर, छतांच्या पलीकडे, ती मोठी भिंत, आणि भिंतीवर सैनिकांच्या पहाऱ्याचा काचेचा बुरूज.

सालेम गेल्यापासून तिनं लग्नाचं एकही गाणं म्हटलं नव्हतं. ती गायची ती याकूबची कथा. भावांनी युसुफला विहिरीत टाकलं, रक्त लावलेला कुर्ता बापापुढे धरला. बाप म्हणाला, तुम्ही खोटं बोलता. तिथे तिचा आवाज असा चढायचा की डफ वाजवणाऱ्या पोरींचे हात थांबायचे. मग रडणं, मग डोळे पांढरे होणं. आणि तिथेच ती थांबायची. पुढे मुलाचा कुर्ता येतो, बापाच्या तोंडावरून फिरतो आणि डोळे परत येतात, ते सगळ्यांना पाठ होतं.

एकदा एक नवी सून भाबडेपणानं म्हणाली, "खाला, पुढचं?"

"पुढचं," उम्म सालेम म्हणाली, "झाल्यावर."

गाणं संपलं की बायका आपापले कप रिकामे करतात, दायमे, दायमे म्हणत उठतात, आणि रूला तबक घेऊन कप गोळा करते. एक कप ती घेत नाही. तो कठड्यावर असतो, बुरुजाकडच्या अंगाला, काठोकाठ भरलेला, वर तवंग आलेला. कठड्याच्या पांढऱ्या दगडावर कपाच्या बुडाचा तपकिरी गोल उमटतो. गेल्या गुरुवारचा त्याच्या शेजारी आहे, त्याआधीचा त्याला लागून. समाह एकदा फडकं घेऊन ते पुसायला आली होती. रूलानं तिच्या हातातून फडकं काढून घेतलं.