नवी रबरं

सायकल दुरुस्तीच्या त्या दुकानदाराला सगळा बाजार ‘मिस्त्री’ म्हणायचा. त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, भाऊजीसुद्धा. भाऊजी वर्षभरापूर्वी निवृत्त झालेले. घरात बसून भिंतींशी बोलायची वेळ आली, तेव्हा मिस्त्रीनंच त्यांना सायकलचा नाद लावला. नाद कसला, वेडच. नदीच्या खोल दरीतून जाणारा नव्वद किलोमीटरचा रस्ता एका दिवसात पार करायचा, असा त्यांनी दोन महिने आधीच चंग बांधलेला.

निघायच्या दोन दिवस आधी ते सायकल दुकानात ठेवून गेले. “मागच्या ब्रेकची रबरं झिजलीत. एवढी बदल.”

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांनी मिस्त्रीला डोकं वर काढू दिलं नाही. त्या मापाची रबरं संपलेली. आणायची तर दुकान बंद करून दोन गल्ल्या पलीकडे जावं लागणार. त्यानं जुनी रबरं बोटानं चाचपली. अजून एक फेरी निघेल, असं मनाशी म्हणत चेनला तेल दिलं, हवा भरली, सायकल पुसून लख्ख केली. संध्याकाळी भाऊजींनी विचारलं, “टाकलीस नवी?” आणि याच्या तोंडून निघून गेलं, “टाकली की.”

पहाटे दोघं निघाले. ऊन वर येईपर्यंत रस्ता नदीच्या कडेकडेनं होता, मग चढू लागला. दोन्ही बाजूंचे कडे जवळ आले. खाली नदी हिरव्या दोऱ्याएवढी दिसायला लागली. आवाज मात्र तेवढाच मोठा. भाऊजी धापा टाकत होते आणि तरी बडबडत होते.

“परवा ब्रेक दाबला की किरकिर यायची. आज बघ, लोण्यासारखा! तुझ्या हाताला यश आहे बाबा.”

किरकिर चाक पुसल्यानं गेली होती, रबरांनी नव्हे.

चढ संपला तिथं चहाची टपरी होती. पुढं सलग नऊ वळणांचा उतार, थेट पुलापर्यंत. भाऊजी पाय पसरून बसले, बूट काढून मोजे वाळत घातले. चेहरा शाळा सुटलेल्या पोरासारखा. आता सांगून टाकावं, मिस्त्रीनं ठरवलं.

“भाऊजी, एक बोलायचं होतं.”

“बोल की.”

“ते... आपण सायकली बदलूया का उतारापुरत्या?”

“का रे? तुझ्या सायकलवर बसलो तर माझे गुडघे कानाला लागतील!” भाऊजी आपल्याच विनोदावर हसले.

मिस्त्रीही हसला. “मग सावकाश घ्या. रेती आहे.”

“तू आता तुझ्या ताईसारखं सुरू करू नकोस.”

पहिली तीन वळणं ठीक गेली. चौथ्यापाशी मिस्त्रीला तो आवाज आला. रिमवर लोखंड घासल्याचा. वीस वर्षं तोच आवाज ऐकून पोट भरलेल्या माणसाला तो ओळखायला किती वेळ लागणार? “थांबा! भाऊजी, थांबा!” तो ओरडला. पण थांबायचं कशाच्या जोरावर? पाचव्या वळणावर भाऊजींनी पुढचा ब्रेक करकचून दाबला, चाक रेतीत सरकलं आणि ते खांद्यावर आपटत दगडी कठड्याला जाऊन धडकले. कठड्यापलीकडं काहीच नव्हतं. फक्त पाण्याचा आवाज.

मागून आलेल्या भाजीच्या ट्रकवाल्यानं दोघांना आणि दोन्ही सायकलींना वर घेतलं. कोबीच्या पोत्यांना टेकून भाऊजी दात आवळून बसले होते. डावा हात लुळा पडलेला.

“माझंच चुकलं, मिस्त्री. तू सांगत होतास सावकाश.” थोड्या वेळानं म्हणाले, “ताईला म्हणू नकोस मी जोरात होतो म्हणून. म्हण, कुत्रं आडवं आलं.”

मिस्त्रीनं मान हलवली. आपण नेमकी कशाला मान हलवली, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. त्यांचं डोकं हलू नये म्हणून तो तासभर हात मानेखाली धरून बसला. हाताला मुंग्या आल्या, तरी काढला नाही.

इस्पितळात खांद्याजवळचं हाड मोडल्याचं निघालं. ताई आली ती नवऱ्यावर तोंडसुख घेतच. “वय काय, करता काय! कुठलं कुत्रं न् कुठलं काय!” मग भावाकडं वळली, त्याच्या मळक्या बाहीला हात लावला. “तू होतास म्हणून बरं. नाहीतर काय झालं असतं रे.”

त्या हातानं त्याचा बांध फुटला.

“ताई, कुत्रं नव्हतं. रबरं बदललीच नाहीत मी. बदलली म्हणून सांगितलं.”

ताईचा हात बाहीवरून निघाला. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, पुन्हा लावलं आणि औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर गेली.

भाऊजी छताकडं बघत होते. “टपरीवर तेच सांगणार होतास?”

“हो.”

“मग सांगायचं होतंस की. सायकली हातात धरून चालत उतरलो असतो. दोघंही चाललो असतो गप्पा मारत.”

रागावले असते तर बरं झालं असतं. मिस्त्री खाली मान घालून उभा राहिला.

हाड जुळायला दोन महिने लागले. तेवढे दिवस ताईनं फोनवर त्याच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. मिस्त्रीनं सायकल नीट केली. रबरं, तारा, चाक, सगळं नवं. आणि एका सकाळी ती स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिली. भाऊजींनी नेहमीसारखं “ये रे” म्हटलं, खुर्ची दिली. ताईनं चहा ठेवला. मग भाऊजी उठून दारात गेले, खाली वाकले, मागचं चाक हातानं गरगर फिरवलं, ब्रेक दाबला, पुन्हा फिरवलं, पुन्हा दाबला. असं ते यापूर्वी कधीच करत नव्हते.

मिस्त्री खुर्चीतून बघत राहिला. “पुढचाही बघा, भाऊजी,” तो म्हणाला.

त्यांनी पुढचाही बघितला.